परक्या शिकारीला दिलेला घास

सव्वीस वर्षं मी फरच्या, म्हणजे डोंगरातल्या सूचीपर्णी झाडाच्या, रोपांना लोकर बांधत आले. काम साधं आहे. मेंढीची न धुतलेली, तेलकट लोकर चिमूटभर घ्यायची आणि रोपाच्या शेंड्याभोवती सैल गुंडाळायची. तोंडात धागे आले की हरीण थुंकतं आणि पुढे जातं. शेंडा वाचला तर झाड होतं, नाहीतर पंधरा वर्षांनीही गुडघ्याएवढं झुडूप. वनखात्याने पानगळीचे सहा आठवडे मला या कामावर घेतलं, तेव्हा माझा शिकारी नवरा व्हेंत्सेल म्हणाला होता की झाडांना टोप्या घालतेस, मला मात्र जन्मात एक विणली नाहीस. विणली होती. त्याने ती बोकडाच्या शिंगावर विसरली.

आमच्या डोंगरात म्हाताऱ्या फरची कमी नाही. तिघांनी हात धरावेत तेव्हा बुंधा मिठीत येतो. पण त्यांच्या पायाशी पोरवडा नव्हता. बी रुजायचं, वीतभर वाढायचं आणि हरणांच्या पोटात जायचं. बीचच्या झाडाचं पान ती नाइलाज झाला तरच खातात, फर मात्र त्यांची मिठाई. माझ्या हातून लोकर लागायची ती शंभरातल्या पाच रोपांना. उरलेल्यांचं काय, हे विचारायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. धुक्यात एकटीने काम करताना वाटायचं की जंगल पेंगतंय. श्वास चालू आहे, पण उठायचा विचार नाही.

मग ब्रिना आली.

ब्रिना म्हणजे लिंक्स. कानांवर काळे झुबके, आखूड शेपूट, आणि अंगावर ऊन आणि सावली एकदमच पडल्यासारखे ठिपके. ही मोठी मांजरं आमच्या आजोबांच्याही आधी इथून संपली होती. मी शाळेत असताना स्लोव्हाकियाहून सहा आणून सोडली. पण सहाच. त्यांची पोरं-नातवंडं आपसातच जोड्या लावत गेली, रक्त पातळ झालं आणि पुन्हा सगळं संपायला आलं. म्हणून हल्ली कार्पेथियन डोंगरांतून नवी आणतात. लोकांना वाटतं शिकारी आणि मांजर एकमेकांचे वैरी. आमच्याकडे तिला आणायचा हट्टच मुळी शिकाऱ्यांनी धरला. तीन आठवडे ती आमच्या वरच्या कुंपणात होती, रानाची सवय व्हावी म्हणून, आणि तीन आठवडे व्हेंत्सेल रोज फळीच्या फटीतून तिला हरणाची तंगडी सरकवत होता. घरी येऊन सांगायचा, आज तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी माझ्याबद्दल त्याने त्याच्या आईला इतक्या कौतुकाने सांगितलं असेल की नाही, शंका आहे.

ती मोकळी झाली आणि पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी शिकारी कुरकुरायला लागले. मिठाच्या ढेपांवर हरणं येत नाहीत, आली तरी उभी राहत नाहीत, दोन घास घेतात आणि मान वर करतात. मचाणावर बसून बसून कंबर धरते पण बंदूक उचलायची वेळ येत नाही. मी त्यांचं ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं. हरणं कमी झाली होती असं नाही. त्यांना पुन्हा घाबरायचं आठवलं होतं.

आमच्या डोंगरात चुनखडी आहे, म्हणून जमीन जागोजाग खचलेली. असा एक खोल खळगा आहे, त्याला आम्ही थंड खळगा म्हणतो. तिथे जूनमध्येही तळाशी बर्फ असतो आणि धुकं दिवसभर बसून राहतं. पूर्वी हरणं तिथेच दुपारभर लोळायची. मी तिथे लोकर नेणं दहा वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं, कारण शेंडा एकही उरायचा नाही, नुसती खुरटलेली बुडखं.

ब्रिनाच्या चौथ्या वर्षी, नोव्हेंबरच्या शेवटाला, धुक्यात माझी वाट चुकली आणि मी त्या खळग्याच्या काठावर निघाले. खाली पाहिलं तर हिरवं. मला आधी वाटलं शेवाळ असेल. उतरले. कमरेएवढी फर होती, शेकड्याने, एकाही शेंड्याला लोकर नाही आणि एकही शेंडा खुडलेला नाही. मी त्यांच्यामधून हात पसरून चालत गेले. दव बाह्यांमधून आत शिरत होतं. इतका आनंद मला माझ्या पहिल्या नातवाच्या वेळीही झाला नव्हता. सुनेला सांगू नका. जंगल उठून बसलं होतं आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग पायाशी पानांचा ढीग दिसला. बीचची पानं, गवत, केस, सगळं खरवडून ओढलेलं. लिंक्स आपली शिकार अशी झाकते. एका रात्रीत ती थोडंच खाते, मग पाच-सहा दिवस संध्याकाळी परत येते, पिल्लं असली तर त्यांना घेऊन. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ढीग दिसला की श्वास रोखून आल्या पावली मागे जायचं, हेही माहीत आहे. मी वळणारच होते.

पण हरिणीचं डोकं उघडं होतं. त्यावरची पानं कोणीतरी बाजूला सारली होती. डोळे मिटवलेले होते. आणि तोंडात फरची ताजी डहाळी होती.

हा शेवटचा घास. आमचा शिकारी जनावर पाडतो तेव्हा बंदूक बाजूला ठेवतो, टोपी काढतो, एक डहाळी मोडून जनावराच्या तोंडात देतो आणि क्षणभर उभा राहतो. दुसरी डहाळी आपल्या टोपीला लावतो. घास न देता जनावर उचलणारा माणूस आमच्यात खाटीक समजला जातो, त्याला कोणी शेजारी बसवून घेत नाही.

रागाने माझे कान तापले. माणसाचा हात लागलेल्या शिकारीकडे ब्रिना फिरकते की नाही, याचा काही भरवसा नसतो. आणि यंदा तिला दोन पिल्लं होती.

त्या दोन पिल्लांवर काय टांगलेलं होतं ते सांगायला हवं. तिची पहिली दोन पिल्लं हिवाळ्याच्या सुरुवातीलाच नाहीशी झाली होती, त्यापुढच्या वर्षीची तीन जानेवारीपर्यंत. आमच्याकडे नेय्का नावाची प्राणिशास्त्रज्ञ पोरगी आहे, तीच ब्रिनाच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यावरून तिचा माग ठेवते. तिने सप्टेंबरमध्ये स्पष्ट सांगितलं होतं की याही हिवाळ्यात एकही पिल्लू उरलं नाही, तर पुढची मांजरं दुसऱ्या डोंगरांवर सोडतील. इथे काहीतरी चुकतंय आणि काय ते कळत नाही. ब्रिना एकटी म्हातारी होईल आणि मग पुन्हा काही नाही. त्या दिवशी व्हेंत्सेल जेवला नव्हता.

म्हणून मी घरी धावतच आले. तो आंबट कोबीचं सूप पीत होता. मी बूटसुद्धा न काढता सुरू केलं. खळग्यात काय पाहिलं ते सांगितलं, आणि म्हटलं की ज्या गाढवाने हे केलं त्याचं नाव मला कळू दे, मी शिकाऱ्यांच्या सभेत सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावर मेंढी बसवते.

व्हेंत्सेलने चमचा खाली ठेवला.

"तो गाढव मीच," तो म्हणाला.

मी बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"काल सकाळी दिसली. नुसती पडली होती गं, पानांखाली. तोंडावरची पानं सारली, तर डोळे उघडे. पन्नास वर्षांत मी एकाही मेलेल्या जनावराजवळून तसाच निघून गेलो नाही."

"तुझं नव्हतं ते जनावर."

"म्हणून तर टोपीला डहाळी लावली नाही."

सगळं माहीत असलेला माणूस. कुंपणाच्या फटीतून तिला भरवलेला माणूस. मी त्याला विचारलं की तुला मांजरीची आठवण झाली नाही का. तो म्हणाला, झाली, पण हाताने तोवर डहाळी मोडली होती. त्याला वाटलं एवढ्याशा डहाळीने काय होणार. मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, सूप पुन्हा गरम करून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या कड्यावर जाऊन बसू लागला. खळगा तिथून दुर्बिणीत दिसतो आणि वारा उलटा असतो. मीही जायचे, थर्मासमध्ये चहा घेऊन. अंधार पडेपर्यंत आम्ही बसायचो आणि धुकं खळग्यात वर-खाली होत राहायचं, जणू खाली कोणीतरी झोपेत श्वास घेतंय. ब्रिना आली नाही. पहिल्या दिवशी कावळे आले, मोठे काळे डोमकावळे. दुसऱ्या दिवशी कोल्हा, तिसऱ्या दिवशी मार्टेन, ते मुंगसासारखं लांबोडकं जनावर. टिटमाऊस चिमण्या फासळ्यांवर बसून चरबी टोचत होत्या. पाचव्या दिवशी अस्वल आलं, हिवाळ्याच्या झोपेआधीचं, गोल झालेलं. त्याने हरिणीला एका पंजाने ओढत वर नेलं आणि फरच्या पोरांमध्ये बसून निवांत खाल्लं. उरलेली हाडं पुढे उंदरांना आणि किड्यांना जातील, आणि त्यांचं खत फरला. एका हरिणीवर अख्खं रान जेवलं. मला ते दृश्य इतकं सुंदर वाटलं की माझी मलाच लाज वाटली, कारण जिने ते ताट वाढलं होतं तिची दोन पोरं कुठेतरी उपाशी होती.

व्हेंत्सेलने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मीही नाही. डिसेंबरभर तो घरात सावलीसारखा वावरला. झोपेत पुटपुटायचा. एकदा मी विचारलं काय स्वप्न पाहिलंस, तर म्हणाला, मी तिच्या मागोमाग चालत होतो आणि प्रत्येक झाडाजवळ एक ताट होतं, ती हुंगायची आणि पुढे जायची, आणि सगळ्या ताटांना माझ्या हाताचा वास होता. मी त्याला म्हटलं की तुझ्या हातांना तंबाखूचा वास येतो, त्याने तर मीही जेवण सोडून उठते. तो हसला, पण उशिरा.

जानेवारीत चांगला बर्फ पडला. नेय्का आली आणि नेहमीप्रमाणे आम्हा दोघांना घेऊन माग काढायला निघाली. व्हेंत्सेल येत नव्हता, मी त्याचे बूट त्याच्यासमोर आणून ठेवले.

वरच्या धारेवर पाऊलखुणा सापडल्या. एकच ओळ, गोल, मऊ, नखांच्या खुणा नसलेली. व्हेंत्सेल तिथेच थांबला. एकच ओळ म्हणजे एकटी ब्रिना, असं त्याच्या मनात आलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. नेय्काने त्याचा दंड धरला.

"काका, घाई करू नका. पिल्लं आईच्या पावलातच पाऊल टाकतात. बर्फ मोडायचे कष्ट वाचतात. किती आहेत ते उडी मारायची जागा आल्याशिवाय कळत नाही."

आम्ही त्या ओळीच्या बाजूने चालत राहिलो. एक तास, दीड तास. बर्फात आवाज मुरतो. मला वाटत होतं की ही ओळ अशीच चालत राहावी, उडीची जागा येऊच नये, म्हणजे काही मोजावं लागणार नाही. मग एक आडवा पडलेला बीच आला. ओळ त्याच्याजवळ पोचली आणि फुटली. एक मोठी उडी बुंध्यावरून. आणि बुंध्याखालून सरपटत गेलेली एक लहान वाट.

नेय्का गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही बाजू हाताने चाचपून पाहिल्या. मग आणखी एकदा. शेवटी ती म्हणाली, "एक आहे. दुसरं नाही."

तेव्हा त्याने तिला सांगितलं. बर्फात उभं राहून, हातमोजे काढून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं सगळं सांगितलं. नेय्का उठली आणि तिने गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. मला वाटलं ही आता त्याला बोलणार, आणि बोलली तर मी मध्ये पडणार नाही असं मी ठरवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "एक शिकार सोडावी लागली म्हणून पिल्लू मरत नाही. मांजर दुसरी करते, चार दिवसांत. एकदा असं झालं तर ती निभावून नेते."

"मग दुसरं पिल्लू कुठे गेलं?"

"माहीत नाही. ब्रिना मारलेली जनावरं फार सोडून देते. दर हिवाळ्यात. एका रात्रीत खाते आणि परत येत नाही. दुसऱ्या कुठल्या मादीचं असं दिसत नाही. आम्हाला वाटलं अस्वलं हुसकावत असतील."

एकदा झालं तर निभावतं, एवढं वाक्य घेऊन व्हेंत्सेल घरी आला. त्याला त्याने बरं वाटायला हवं होतं. त्याला नाही वाटलं. पण तो पुन्हा नीट जेवू लागला, आणि मार्चमधल्या सभेला जाण्याआधी त्याने दाढी केली.

आमच्या शिकाऱ्यांची वर्षाची सभा रविवारी, प्रार्थनेनंतर, त्यांच्या लाकडी घरात भरते. मी आणि आणखी दोघी स्वयंपाकघरात असतो, मधे वाढायची खिडकी आहे, तिच्यातून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. बावीस माणसं होती. अध्यक्ष ओस्कार, ब्याऐंशी वर्षांचा. त्याच्या समोर कोणी टोपी घालून बसत नाही. त्याने शिकाऱ्यांचा नेहमीचा नमस्कार म्हटला, डोळ्यांना चांगलं दिसो, आणि मग नेय्काला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली आणि तिने काही लपवलं नाही. सात पिल्लांपैकी एक उरलं आहे. वरिष्ठांना पत्र द्यायचं आहे आणि त्यात कारण लिहायचं आहे, ते तिला सापडत नाही. आजार नाही. रक्त चांगलं आहे. हरणं पुरेशी आहेत. गोळी कोणी घातली असेल असं तिला वाटत नाही.

त्यावर कुजबुज झाली. कोणी म्हणालं, अस्वलं. कोणी म्हणालं, पर्यटकांचे कुत्रे. एकजण म्हणाला, ती मादीच उधळी, घास टाकून उठायची सवय. मी खिडकीतून पळीच फेकणार होते.

व्हेंत्सेल उठला. सांगायला त्याने मिनिटभरही घेतलं नाही. थंड खळगा, हरिणी, डहाळी. आपण मारलेली नाही हे दिसत होतं, तरी दिली. ती परत आली नाही. पाच दिवस बसून पाहिलं. बोलला आणि खाली बसला नाही, कारण आता हसतील आणि हसून होईपर्यंत उभं राहायला हवं असं त्याला वाटत होतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. चुलीवर रस्सा उतू जात होता आणि आम्ही तिघींपैकी कोणी तिकडे वळलो नाही.

कोणी हसलं नाही. कोणी त्याच्याकडे पाहतही नव्हतं. सगळे टेबलाकडे पाहत होते, आणि ती शांतता मला आवडली नाही. लोक दुसऱ्याच्या चुकीवर असे गप्प बसत नाहीत.

मग ओस्कारने टेबलावरचा हात उचलला. मला वाटलं तो व्हेंत्सेलला बसायला सांगतोय. पण त्याने हात तसाच वर ठेवला.

"मागच्या वर्षी," तो म्हणाला. "झऱ्याजवळ. हरणाचं पाडस होतं, मांजरीने मारलेलं, मी घास दिला. आपलं जनावर नाही, मग सांगायचं कोणाला, म्हणून सांगितलं नाही."

भिंतीजवळ बसलेल्या एकाने हात वर केला. त्याच्या पलीकडच्याने. मग दाराजवळच्या दोघा भावांनी, एकमेकांकडे पाहून, कारण त्यांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. मांजरीला उधळी म्हणणाऱ्याने सगळ्यात शेवटी. नेय्काने हातातला कागद उलटा केला आणि ती मागच्या बाजूला लिहू लागली.

मी मोजले. व्हेंत्सेल धरून सात. बंदूक एकानेही उचलली नव्हती, विष एकानेही ठेवलं नव्हतं. तीन हिवाळे आम्ही तिला आणि तिच्या पोरांना उपाशी ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी टोपी काढून.